माजघर सोडल्यावर

खडकवासल्याच्या चौपाटीवर उभं राहून सिंहगडाकडे पाहिलं, की तानाजीची समाधी काही दिसत नाही. दिसतो तो मनोरा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी, १९७३ साली, गडावर पुण्यासाठी सहक्षेपण केंद्र आलं. टीव्हीच्या लहरी सरळ जातात, डोंगराला वळसा घालणं त्यांना फारसं जमत नाही, आणि मुंबई-पुण्याच्या मधे तर अख्खा सह्याद्री आडवा. म्हणून मुंबईचा कार्यक्रम सुमारे १३०० मीटर उंचीच्या गडावर झेलायचा आणि तिथून पुण्यावर सोडायचा. त्या काळी पुण्यातल्या गच्च्यांवरचे अँटेना सिंहगडाकडे तोंड करून असत. वारा सुटला की घरातलं एक पोर गच्चीवर, एक जिन्यात आणि वडील टीव्हीसमोर. ‘आलं का?’ ‘नाही, अजून मुंग्याच!’

या मनोऱ्यावरून सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ‘चिमणराव’ घरात आले. चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) हे पाली भाषेचे जाणकार, बडोद्यात अध्यापक. त्यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पुस्तकांतून घरोघरी पोचलेले होतेच. १९४० साली मास्टर विनायकांच्या ‘लग्न पहावं करून’ मध्ये दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग या जोडीने ते पडद्यावरही आणले होते. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मालिकेचं नाव निघालं की आजही लोक दोघांची नावं एका दमात घेतात. नुसते चिमणराव कुणाला आठवत नाहीत आणि नुसता गुंड्याभाऊ तर नाहीच नाही. एक काडीपैलवान, दुसरा खराखुरा पैलवान. एक प्रत्येक गोष्टीला घाबरणारा, दुसरा कशालाही न घाबरता नको तिथे हात घालणारा. गुंड्याभाऊची स्वतंत्र मालिका काढली असती तर तिच्यात एक दांडगा माणूस दांडगाई करताना दिसला असता, बस्स. त्याच्या दांडगाईने ज्याचा जीव खालीवर होतो तो शेजारी हवा, तरच हसू येतं.

मूळ मालिकेतलं एक पात्र उचलायचं, त्याला वेगळं घर द्यायचं आणि तिथे नवी मालिका मांडायची, याला टीव्हीच्या धंद्यात स्पिन-ऑफ म्हणतात. हे का करतात ते उघड आहे. नवी मालिका म्हणजे नवी माणसं, आणि प्रेक्षकाला त्यांची ओळख होईपर्यंत तो रिमोटवरचं बोट काढत नाही. ओळखीचा चेहरा असला की निदान पहिला आठवडा तरी पदरात पडतो. पुढचा आठवडा मात्र ओळखीवर निघत नाही. माझ्या मते विनोदी मालिकेत विनोद पात्राच्या अंगात नसतोच, तो दोन पात्रांच्या मधल्या जागेत असतो. पात्र उचलून नेता येतं. जागा उचलून नेता येत नाही, ती नव्याने तयार करावी लागते.

मराठीत याचा सगळ्यात जवळून पाहता येण्यासारखा दाखला आहे तो थोडा उलट्या जातीचा. झी मराठीवर मार्च २०१५ मध्ये ‘दिल दोस्ती दुनियादारी’ सुरू झाली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये संपली. अमेय वाघ, सुव्रत जोशी, पुष्कराज चिरपुटकर, सखी गोखले, स्वानंदी टिकेकर, पूजा ठोंबरे, असे सहा जण. मुंबईतला एक फ्लॅट, आणि त्याचं नाव ‘माजघर’. फ्लॅटला माजघर म्हणणं हीच निम्मी मालिका होती. ज्या खोलीत पूर्वी घरातली माणसं निवांत बसत, बायका धान्य निवडत, पाहुण्यांना सहसा प्रवेश नसे, त्या खोलीचं नाव सहा परक्या पोरापोरींच्या बिऱ्हाडाला दिलेलं. मराठी मालिकेत सासू नाही, कट-कारस्थान नाही, लग्नाचा आठवडाभर चालणारा सोहळा नाही. उलट लग्न मोडून आलेली रेश्मा या घरात शिरते, इथून गोष्ट सुरू होते.

मालिकेत घडायचं काय? फार काही नाही. सहा जणांतल्या कैवल्यने टोमणा मारायचा, आशूने काहीतरी खात असताना तो ऐकून सोडायचा, सुजयने घराच्या हिशेबावरून कपाळाला हात लावायचा. बाहेरगावाहून पुण्यात शिकायला आलेल्या आणि सिंहगड रस्त्यावर, धायरीत, किरकटवाडीत तिघं-चौघं मिळून भाड्याने राहणाऱ्या पोरांना ती आपलीच खोली वाटली यात नवल नाही. कुणाचं दूध कुणी संपवलं, गॅस सिलिंडरचे पैसे कुणी द्यायचे, यापलीकडे त्यांच्याही दिवसात फारसं कथानक नसतं. अमेरिकेतल्या ‘फ्रेंड्स’ ची सावली या मालिकेवर आहे हे पहिल्या भागापासून कुणालाही दिसत होतं, पण कुणाची तक्रार नव्हती. सावली तिकडची असली तरी भांडी घासायची पाळी इथली होती.

मालिका संपली तेव्हा लोक हळहळले. वाहिनीने त्या हळहळीचा अर्थ लावला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘दिल दोस्ती दोबारा’ आणली. तेच सहा कलाकार, पण पात्रं नवी, नावं नवी, गोष्ट नवी. आता ही मंडळी मिळून एक हॉटेल चालवत होती, ‘खयाली पुलाव’. स्पिन-ऑफ पात्र ठेवतो आणि घर बदलतो. इथे चेहरे ठेवले आणि पात्रं बदलली. हिशेब असा असावा, की लोकांना आवडलंय ते या सहा जणांचं आपसातलं जमणं, तेवढं जपलं की झालं. हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. सहा जण एकमेकांची वाक्यं जशी झेलत होते तशी झेलत राहिले. तरी ही मालिका त्याच वर्षी आटोपली आणि आज ‘दुनियादारी’ चे तुकडे जसे फिरतात तसे ‘दोबारा’ चे फिरत नाहीत.

नटांमध्ये काही उणं नव्हतं. मला खटकलं ते हॉटेल. घरात माणूस विनाकारण असू शकतो. रात्री अकराला दिवाणखान्यात कोण का बसलंय याला कारण द्यावं लागत नाही. हॉटेलात प्रत्येकाला काम असतं, गिऱ्हाईक यावं लागतं, नफा-तोटा होतो, म्हणजे रोज काहीतरी घडावं लागतं. जी मालिका काहीही न घडण्यावर उभी होती तिच्या कलाकारांना घडामोडींच्या जागी नेऊन बसवलं. दुसरं, मूळ मालिका संपून जेमतेम वर्ष झालेलं. अमेय वाघ पडद्यावर आला की बघणाऱ्याच्या तोंडून आधी ‘कैवल्य’ निघायचं आणि मग तो स्वतःला दुरुस्त करायचा. विनोदाला तेवढा अर्धा सेकंदसुद्धा परवडत नाही.

गंमत अशी, की दोन मालिकांच्या मधे, २०१६ साली, याच मंडळींपैकी चौघे ‘अमर फोटो स्टुडिओ’ या नाटकात होते. अमेय, सुव्रत, सखी आणि पूजा. सोबत सिद्धेश पूरकर. लेखन मनस्विनी लता रवींद्र यांचं, दिग्दर्शन निपुण धर्माधिकारीचं. फोटो काढायला गेलेली माणसं मागच्या काळात जाऊन पडतात अशी गोष्ट. तिथेही चेहरे तेच, पात्रं वेगळी. पण प्रेक्षकांनी नाटक डोक्यावर घेतलं आणि माजघराची आठवण आड आली नाही. पडदा उघडतो तेव्हा आपण दोन-अडीच तासांच्या एका पुऱ्या गोष्टीसाठी बसलेलो असतो. मालिका रोज रात्री घरी येते. तिच्याकडून आपण गोष्ट कमी आणि सोबत जास्त मागतो. सोबतीला आलेला माणूस नाव बदलून आला तर चुकल्यासारखं होणारच.

आता खराखुरा स्पिन-ऑफ. हिंदीत ‘भाभीजी घर पर हैं’ २०१५ मध्ये अँड टीव्हीवर सुरू झाली. तिचं मूळ १९९४ च्या ‘श्रीमान श्रीमती’ मध्ये आहे, आणि त्या जुन्या मालिकेतली कोकी म्हणजे आपल्या रीमा लागू. दोन शेजारी, प्रत्येकाला दुसऱ्याची बायको आवडते, एवढंच सूत्र. नव्या मालिकेत शिल्पा शिंदे, पुढे शुभांगी अत्रे, आणि काही काळ नेहा पेंडसे, अशी मराठी माणसांची ये-जा कानपूरच्या त्या मॉडर्न कॉलनीत सतत होती. तिथला दरोगा हप्पूसिंग (योगेश त्रिपाठी) लाच मागताना आपल्या गरोदर बायकोचा आणि नऊ मुलांचा हवाला देई. बायको दिसत नसे, मुलं दिसत नसत. नऊ हा आकडाच विनोद होता. न दिसणाऱ्या नऊ मुलांना प्रत्येक प्रेक्षक आपल्या मनात उभं करतो, आणि मनातली मुलं कुठल्याही नटांपेक्षा जास्त वांड असतात.

मार्च २०१९ मध्ये ‘हप्पू की उलटन पलटन’ सुरू झाली आणि ही सगळी पलटण पडद्यावर आली: बायको राजेश, आई कटोरी अम्मा (हिमानी शिवपुरी), आणि मोजून नऊ मुलं. त्या क्षणी जुना विनोद संपला. दिसणाऱ्या मुलांचा आकडा ऐकून कोण हसणार? पण लेखकांनी एक काम नीट केलं. मूळ मालिकेत हप्पू सगळ्यांना दमात घेणारा होता. घरी आल्यावर त्याला आई आणि बायको यांच्या कात्रीत टाकला. बाहेर वर्दीचा तोरा, आत वर्दी खुंटीला टांगली की कुणी विचारत नाही. पात्र तेच, पण त्याचं वजन पार बदललं. या मालिकेने हजाराहून जास्त भाग केले. ती मूळ मालिकेइतकी चटपटीत आहे असं मी म्हणणार नाही. मुलांचे प्रसंग बऱ्याचदा नुसता गोंगाट असतो. पण ती स्वतःच्या पायावर उभी राहिली ती राजेश आणि कटोरी अम्मा यांच्यामुळे, हप्पूच्या लोकप्रियतेमुळे नव्हे.

या खेळाचं सर्वात बारकाईने पाहण्यासारखं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ‘चिअर्स’ (१९८२–९३) ही बॉस्टनमधल्या एका बारची मालिका. तिच्यात १९८४ मध्ये फ्रेझियर क्रेन नावाचा मानसोपचारतज्ज्ञ आला. शिष्ट, पुस्तकी, साध्या माणसांत बसून अवघड इंग्रजी बोलणारा. बारमधल्या बिअर पिणाऱ्या मंडळींसमोर त्याचा शिष्टपणा हास्यास्पद ठरे. मालिका संपल्यावर ‘फ्रेझियर’ (१९९३–२००४) निघाली. आता बार नाही, म्हणजे त्याच्या शिष्टपणाला टोचणी लावणारी टाचणीच नाही. लेखकांनी त्याला सिअ‍ॅटलला नेला आणि त्याच्या घरात बाप आणून बसवला: निवृत्त पोलीस, खुब्यात गोळी लागलेला, कुत्रा पाळणारा. बापाबरोबर त्याची आरामखुर्ची आली. जुनी, पट्ट्यापट्ट्यांची, फाटल्या जागी चिकटपट्टी लावलेली. निवडून निवडून घेतलेल्या महागड्या फर्निचरच्या मधोमध ती खुर्ची अकरा वर्षं बसून राहिली. अख्ख्या बारचं काम त्या एका खुर्चीने केलं.

शिवाय भाऊ दिला, नाइल्स. तोही मानसोपचारतज्ज्ञ, आणि फ्रेझियरच्या दुप्पट शिष्ट. बसण्याआधी खुर्ची रुमालाने पुसणारा. त्यामुळे ‘चिअर्स’ मध्ये जो शिष्टपणाच्या टोकाला होता तो फ्रेझियर इथे आपोआप मध्यावर आला: एका बाजूला साधा बाप, दुसऱ्या बाजूला अतिशहाणा भाऊ. नाइल्सची बायको मॅरिस अकरा वर्षांत एकदाही पडद्यावर आली नाही. ‘चिअर्स’ मधल्या नॉर्म या गिऱ्हाइकाच्या बायकोबाबतही तेच धोरण होतं. हप्पूच्या नऊ मुलांचं गणित त्यांना आधीपासून ठाऊक होतं म्हणायचं.

‘चिअर्स’ मध्ये फ्रेझियरने एकदा सांगून टाकलं होतं, की आपले वडील शास्त्रज्ञ होते आणि आता हयात नाहीत. नव्या मालिकेत तेच वडील पोलीस निघाले, आणि जिवंत. लेखकांनी बिनदिक्कत जुनी माहिती मोडली. पुढे बॉस्टनच्या त्या बारमधला सॅम पाहुणा म्हणून आला तेव्हा त्याने हे विचारलं, आणि तेव्हा आमचं भांडण झालं होतं म्हणून मी तसं म्हणालो, असं सांगून फ्रेझियर मोकळा झाला. मूळ मालिकेशी इमान राखण्यापेक्षा नव्या घराला काय लागतं ते पाहिलं. ‘फ्रेझियर’ ला ३७ एमी पुरस्कार मिळाले. २०२३ मध्ये तीच मालिका पुन्हा काढली. बापाचं काम करणारे जॉन महोनी २०१८ मध्ये वारलेले, नाइल्स आला नाही. फ्रेझियर तोच, नट तोच, गाव पुन्हा बॉस्टन. दोन मोसमांत आटोपलं.

‘फ्रेंड्स’ संपल्या संपल्या, २००४ मध्ये, ‘जोई’ निघाली. साधाभोळा, खादाड, बुद्धीने यथातथा असा जोई हा सहा जणांतला सगळ्यात लाडका. त्याला लॉस एंजेलिसला पाठवलं, बहीण आणि भाचा दिले. भाचा हुशार, पण बहीण जोईसारखीच बेताच्या अकलेची. ‘फ्रेंड्स’ मध्ये त्याचा मित्र चँडलर काहीतरी तिरकं बोलायचा आणि जोईला ते उमगायला एक क्षण लागायचा. तो क्षण म्हणजे जोई. नव्या घरात तिरकं बोलणारं कुणी नाही, मग उमगायचं काय? दोन मोसमांत मालिका बंद. आपला आशू उचलून त्याची वेगळी मालिका केली असती तर याहून निराळं झालं नसतं. समोर कैवल्य नसेल तर आशू म्हणजे नुसता खाणारा माणूस.

आणि ‘मॅश’. कोरियन युद्ध चाललं तीन वर्षं, त्यावरची ही मालिका चालली अकरा, १९७२ ते १९८३. शेवटचा भाग अमेरिकेत दहा कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. त्याच वर्षी त्यातल्या तिघांना घेऊन ‘आफ्टरमॅश’ काढली, माजी सैनिकांच्या दवाखान्यात. क्लिंगर हा शिपाई सैन्यातून वेडा म्हणून सुटका व्हावी यासाठी बायकी कपडे घालून हिंडायचा. युद्धच संपलं, त्याला कुणी अडवून धरलेलं नाही. मग तो काय करणार? इथे तर पात्रांच्या मधली जागाच नव्हे, सगळ्यांच्या डोक्यावर टांगलेली तलवारही गेली. मालिका १९८५ पर्यंतच टिकली. उलट ‘ऑल इन द फॅमिली’ मधला गोऱ्या आर्चीचा काळा शेजारी जॉर्ज जेफरसन धंद्यात वर आला, श्रीमंतांच्या इमारतीत राहायला गेला आणि ‘द जेफरसन्स’ (१९७५–८५) मूळ मालिकेपेक्षा जास्त काळ चालली. कारण जॉर्ज जाताना आपला वाद सोबत घेऊन गेला. पूर्वी तो आर्चीशी भांडे, आता नव्या इमारतीतल्या गोऱ्या शेजाऱ्यांशी.

प्रभावळकरांचं उदाहरण या सगळ्याला छेद देतं असं कुणी म्हणेल. चिमणराव गाजल्यावर वीसेक वर्षांनी, २००१ मध्ये, अल्फा मराठीवर केदार शिंदेंच्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मध्ये ते आबा झाले. चेहरा तोच, पात्र वेगळं, म्हणजे ‘दोबारा’ चीच चाल. आणि तरी आबांच्या जागी कुणाला चिमणराव दिसले नाहीत. पण एक तर मधे वीस वर्षं गेली होती. प्रेक्षकांची एक पिढी अशी होती जिला चिमणराव आईबापांच्या तोंडून ऐकूनच माहीत. दुसरं, आबा एकटे आले. सोबत बाळ कर्वे नव्हते. मुलगा राजन भिसे, सून शुभांगी गोखले, नातवंडं, असा पाच जणांचा नवा संसार मांडलेला होता. सून श्यामला आणि सासरे आबा यांच्यातलं ते मिश्कील, जिव्हाळ्याचं नातं चिमणरावांच्या घरात कधी नव्हतंच. त्या श्यामलेची, म्हणजे शुभांगी गोखल्यांची मुलगी सखी पुढे माजघरात रेश्मा झाली, हा योगायोग मला उगाचच आवडतो.

मराठी प्रेक्षकाला आज कुठला स्पिन-ऑफ हवा असं विचारलं, तर बरेच जण ‘तारक मेहता’ मधल्या भिडे मास्तरांचं नाव घेतील. २००८ पासून चालू असलेल्या त्या मालिकेतल्या गोकुळधाम या गुजराती-पंजाबी-तमिळ सोसायटीतलं आपलं घर. शिकवणी घेणारे, सोसायटीचे सेक्रेटरी, ‘सखाराम’ स्कूटरवरून फिरणारे आत्माराम भिडे; लोणची-पापड विकणाऱ्या माधवीवहिनी; मुलगी सोनू. ही मालिका मराठीत ‘गोकुळधामची दुनियादारी’ या नावाने आलीच आहे, लहान मुलांसाठी तिची कार्टून आवृत्तीही निघाली. मग भिड्यांना त्यांच्या गावी रत्नागिरीला नेऊन एक मालिका का नको? सुपारीची बाग, पडवी, गावचे नातेवाईक, सगळं आयतं.

माझी हरकत एवढीच, की रत्नागिरीत त्यांचे नियम सगळ्यांनाच मान्य असतील. वेळेवर जेवा, पैसे जपून वापरा, ओरडू नका, यावर कोकणातला कुठला शेजारी वाद घालणार? भिडे भिडे झाले ते सोसायटीतल्या टपूच्या चेंडूने त्यांच्या खिडकीची काच फोडली म्हणून आणि शेजारी जेठालालशी त्यांचं एकदाही धड जमलं नाही म्हणून. मालिका काढणाऱ्यांनी त्यांच्या शेजारच्या घरात रात्री बाराला ढोल वाजवणारं, देणी थकवणारं आणि तरी भिड्यांना ‘मास्तर, मास्तर’ म्हणत गळ्यात पडणारं कुणीतरी राहायला आणलं, तर मी पहिले पंधरा दिवस नक्की बघेन. नुसती सुपारीची बाग दाखवणार असतील तर सखाराम गोकुळधाममध्येच उभा असलेला बरा.